१८१२ चे युद्ध : उशिरा पोहोचलेल्या बातम्या आणि आपल्या ओळखीची काही नावे

प्रश्नमंजूषेत अमेरिकेच्या इतिहासावर एखादा प्रश्न आला की बहुधा स्वातंत्र्ययुद्ध, यादवी युद्ध किंवा लिंकन यांच्यावर येतो. त्या दोन युद्धांच्या मधे आणखी एक युद्ध झाले. अमेरिका आणि ब्रिटन यांच्यातील हे युद्ध '१८१२ चे युद्ध' या नावाने ओळखले जाते, पण चालले मात्र १८१५ पर्यंत. आपल्याकडे पदवीच्या पाठ्यपुस्तकात त्याला एखादा परिच्छेद मिळतो. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. इतिहास हा माझ्या पदवीचा विषय नाही, आवडीचा आहे. या युद्धाकडे मी वळलो त्याची कारणे दोन. एक, संदेश पोहोचायला लागणारा वेळ म्हणजे काय, हे या युद्धाइतके स्पष्ट दाखवणारे दुसरे उदाहरण मला माहीत नाही. दुसरे, या युद्धात मुंबईची गोदी, म्हैसूरचे अग्निबाण आणि आपल्याकडचे खलाशी अनपेक्षित ठिकाणी भेटतात.

या टिपणात आपण काही 'गमतीशीर' वाटणाऱ्या गोष्टी पाहू. प्रत्येक गोष्टीला दोन प्रश्न विचारायचे आहेत : हे खरे आहे का? आणि खरे असेल तर त्यातून काय कळते?

१. युद्ध कशामुळे झाले?

त्या काळात युरोपात ब्रिटन आणि नेपोलियनचा फ्रान्स यांच्यात जीवघेणी लढाई चालू होती. अमेरिका तटस्थ होती आणि तिला दोघांशीही व्यापार करायचा होता. ब्रिटनने १८०७ मध्ये 'ऑर्डर्स इन कौन्सिल' नावाचे हुकूम काढून तटस्थ देशांच्या फ्रान्सबरोबरच्या व्यापारावर कडक निर्बंध घातले. शिवाय ब्रिटिश नौदल भर समुद्रात अमेरिकी जहाजे थांबवून त्यांवरचे खलाशी 'हे आमचे पळून आलेले लोक आहेत' असे म्हणून बळजबरीने उचलून नेत असे. असे हजारो खलाशी नेले गेले. २२ जून १८०७ रोजी तर 'लेपर्ड' या ब्रिटिश युद्धनौकेने 'चेसापीक' या अमेरिकी युद्धनौकेवरच तोफा डागल्या आणि चार माणसे काढून नेली.

तिसरे कारण जमिनीचे. अमेरिकी वसाहतकरी पश्चिमेकडे सरकत होते. तिथल्या मूळ रहिवाशांना शॉनी जमातीचा नेता टेकुमसे एकत्र आणत होता. त्याच्या पाठीशी ब्रिटिश आहेत असे अमेरिकनांचे म्हणणे होते, आणि काही जणांना तर कॅनडाही हवा होता.

१८ जून १८१२ रोजी राष्ट्राध्यक्ष जेम्स मॅडिसन यांनी युद्धाच्या ठरावावर सही केली. अमेरिकेच्या राज्यघटनेनुसार रीतसर घोषित झालेले हे पहिले युद्ध. प्रतिनिधिगृहात ठराव ७९ विरुद्ध ४९ आणि सिनेटमध्ये १९ विरुद्ध १३ मतांनी मंजूर झाला. म्हणजे देश एकमताने युद्धात उतरला नव्हता, हे लक्षात ठेवा.

२. पाच दिवसांचा फरक

११ मे १८१२ रोजी ब्रिटनचे पंतप्रधान स्पेन्सर पर्सिव्हल यांची संसदेच्या आवारात गोळी घालून हत्या झाली. हत्या झालेले ते ब्रिटनचे एकमेव पंतप्रधान. मारेकरी जॉन बेलिंगहॅम याचे वैयक्तिक गाऱ्हाणे होते, अमेरिकेशी त्याचा संबंध नव्हता. पर्सिव्हल हे त्या व्यापारी निर्बंधांचे खंदे पुरस्कर्ते होते. ते गेल्यावर नवे सरकार आले आणि व्यापाऱ्यांच्या दबावामुळे २३ जून १८१२ रोजी हे हुकूम मागे घेण्यात आले.

तारखा शेजारी ठेवून पाहा. युद्धाची घोषणा १८ जूनला, युद्धाचे एक मोठे कारण दूर झाले २३ जूनला. वॉशिंग्टनला लंडनचे माहीत नाही, लंडनला वॉशिंग्टनचे माहीत नाही. अटलांटिक ओलांडायला शिडाच्या जहाजाला साधारण चार ते सहा आठवडे लागत.

'तेव्हा टेलिग्राफ असता तर युद्ध झालेच नसते' असे वाक्य तुमच्या वाचनात येईल. ते तसेच्या तसे स्वीकारू नका. हुकूम रद्द झाल्याचे कळल्यावरही अमेरिकेने युद्ध थांबवले नाही, कारण खलाशी पळवून नेण्याचा प्रश्न तसाच होता. युद्ध कदाचित टळले असते, एवढेच म्हणता येते.

३. ज्यांना युद्ध सुरू झाल्याचे ठाऊकच नव्हते

ह्युरॉन सरोवरात मॅकिनॅक नावाचे बेट आहे. तिथल्या अमेरिकी किल्ल्याचा प्रमुख होता लेफ्टनंट पोर्टर हँक्स. १७ जुलै १८१२ च्या पहाटे त्याला दिसले की ब्रिटिश सैनिक, फरचे व्यापारी आणि मूळ रहिवासी योद्धे यांनी रात्रीतून किल्ल्याच्या वरच्या टेकाडावर तोफ चढवली आहे. युद्ध घोषित होऊन महिना झाला होता, पण हँक्सला ती बातमी मिळाली नव्हती. त्याने लढाई न करता किल्ला सोडला.

असे का झाले? कॅनडातल्या फरच्या व्यापाऱ्यांचे बातम्या पोहोचवणारे जाळे वेगवान होते. उलट डेट्रॉइटच्या दिशेने निघालेल्या जनरल विल्यम हल यांना युद्धाची बातमी देणारे पत्र अमेरिकी युद्धखात्याने साध्या टपालाने पाठवले. ते मिळण्याआधीच हल यांनी आपले सामान आणि कागदपत्रे एका जहाजातून पुढे पाठवली होती. ब्रिटिशांना युद्धाची खबर आधी लागली होती, त्यांनी ते जहाज पकडले आणि हल यांचे सगळे बेत त्यांच्या हाती पडले. १६ ऑगस्ट रोजी हल यांनी डेट्रॉइट शत्रूच्या स्वाधीन केले.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी इथे थांबून विचार करावा. दोन्ही बाजूंना अंतरे साधारण सारखीच होती. फरक होता तो मार्गाच्या निवडीत आणि कोणता संदेश तातडीचा मानायचा या निर्णयात.

४. 'जावा' बुडाली, मुंबईचे काय झाले?

२९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन' या फ्रिगेटने 'जावा' या ब्रिटिश फ्रिगेटचा पराभव केला. जावाचा कप्तान हेन्री लॅम्बर्ट प्राणांतिक जखमी झाला. जहाज इतके मोडले होते की अमेरिकनांनी ते पेटवून दिले. कॉन्स्टिट्यूशनचे सुकाणूचे चाक लढाईत उडाले होते, म्हणून जावाचे चाक काढून तिथे बसवण्यात आले.

कॉन्स्टिट्यूशनची बांधणी वेगळी होती. अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर मिळणारे 'लाइव्ह ओक' हे अतिशय घट्ट लाकूड सांगाड्याला वापरले होते आणि सांगाड्याच्या फासळ्या एकमेकींच्या अगदी जवळ बसवल्या होत्या. बाहेरून आणि आतून पांढऱ्या ओकच्या फळ्या. त्यामुळे तोफेचे गोळे अनेकदा आत न शिरता परत येत. यावरूनच तिला 'ओल्ड आयर्नसाइड्स' म्हणजे 'जुनी लोखंडी बाजूंची' हे टोपणनाव पडले. त्यात लोखंडाचा पत्रा नव्हता, हा प्रश्न प्रश्नमंजूषेत हमखास चकवतो.

आता आपल्याकडचा धागा. जावा निघाली होती हिंदुस्थानकडे. तिच्यावर मुंबईच्या लष्कराचे नवे सरसेनापती म्हणून नेमलेले लेफ्टनंट जनरल थॉमस हिस्लॉप होते. जहाजाच्या पोटात मुंबईच्या गोदीत बांधल्या जाणाऱ्या 'कॉर्नवॉलिस' या ७४ तोफांच्या जहाजासाठी तांब्याचा पत्रा होता. लाकडी जहाजाच्या तळाला किडे आणि शेवाळ लागू नये म्हणून हा पत्रा ठोकत. शिवाय मुंबईत बांधायच्या एका फ्रिगेटचे आराखडेही तिच्यावर होते. आराखडे जहाजाबरोबर गेले आणि दुसरी प्रत पाठवावी लागली.

त्या फ्रिगेटचे नाव 'त्रिंकोमाली'. मुंबईच्या गोदीचे प्रमुख जहाजबांधणीकार जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली ती सागवानात बांधली गेली आणि १८१७ मध्ये पाण्यात उतरली. आज ती इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे जतन केलेली आहे. तिचे आराखडे जिच्यामुळे गेले ती कॉन्स्टिट्यूशनही बोस्टनच्या बंदरात आजही तरंगते आहे.

आणि हिस्लॉप यांचे काय झाले? कैदी म्हणून पकडले गेलेले हिस्लॉप शब्दावर सुटले. पुढे ते मद्रासच्या लष्कराचे सरसेनापती झाले. २१ डिसेंबर १८१७ रोजी क्षिप्रा नदीकाठी महिदपूर येथे होळकरांच्या फौजेचा पराभव करणाऱ्या ब्रिटिश सैन्याचे नेतृत्व त्यांच्याकडेच होते. मराठ्यांच्या इतिहासात महिदपूरचे नाव वाचताना हा माणूस पाच वर्षांपूर्वी ब्राझीलजवळ अमेरिकनांचा कैदी होता, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही.

५. म्हैसूरचे अग्निबाण बाल्टिमोरमध्ये

हैदर अली आणि टिपू सुलतान यांच्या सैन्यात लोखंडी नळीचे अग्निबाण होते. त्याआधीच्या बाणांची नळी बहुधा कागदाच्या पुठ्ठ्याची किंवा बांबूची असे. लोखंडी नळी आतला दाब जास्त सहन करते. त्यामुळे दारू अधिक ठासून भरता येते, रेटा वाढतो आणि बाण दूर जातो. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर असे बाण इंग्लंडला नेण्यात आले. विल्यम काँग्रीव्ह यांनी त्यापासून प्रेरणा घेऊन वूलिच येथे प्रयोग केले आणि ब्रिटिशांचे स्वतःचे अग्निबाण तयार केले.

२४ ऑगस्ट १८१४ रोजी वॉशिंग्टनजवळ ब्लेडन्सबर्ग येथे हेच काँग्रीव्ह अग्निबाण अमेरिकेच्या हंगामी सैनिकांवर सोडण्यात आले. नेम फारसा लागत नव्हता, पण आवाज आणि ज्वाळा यांनी नवखे सैनिक बिथरले. त्याच संध्याकाळी ब्रिटिश वॉशिंग्टनमध्ये शिरले आणि त्यांनी संसदभवन व राष्ट्राध्यक्षांचे निवासस्थान जाळले. त्याआधी एप्रिल १८१३ मध्ये अमेरिकनांनी यॉर्क, म्हणजे आजचे टोरांटो, येथील सरकारी इमारती जाळल्या होत्या, हेही सांगायला हवे.

पुढच्या महिन्यात, १३ आणि १४ सप्टेंबरला, बाल्टिमोरच्या फोर्ट मॅकहेन्रीवर सुमारे २५ तास मारा झाला. 'एरेबस' या जहाजावरून अग्निबाण सुटत होते. किल्ला टिकला. ते दृश्य पाहणाऱ्या फ्रान्सिस स्कॉट की या वकिलाने जी कविता लिहिली, ती १९३१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्रगीत झाली. तिच्यात ज्या अग्निबाणांचा उल्लेख आहे, त्यांचे मूळ म्हैसूरपर्यंत पोहोचते.

६. दोन लोकप्रिय गोष्टी, दोन्ही चुकीच्या

पहिली गोष्ट भारतात फार सांगितली जाते : अमेरिकेचे राष्ट्रगीत मुंबईत बांधलेल्या 'मिंडेन' या जहाजावर लिहिले गेले. मिंडेन खरोखरच वाडियांनी मुंबईत बांधली होती आणि १८१० मध्ये ती पाण्यात उतरली, एवढे खरे. पण फ्रान्सिस की एका अटक झालेल्या डॉक्टरला सोडवण्यासाठी वाटाघाटीचा झेंडा लावलेल्या अमेरिकी जहाजातून गेला होता आणि मारा चालू असताना ब्रिटिशांच्या पहाऱ्यात त्या अमेरिकी जहाजावरच होता. मिंडेनची गोष्ट इतिहासकार मान्य करत नाहीत. आपल्या गोदीचा अभिमान वाटायला त्रिंकोमाली पुरेशी आहे, त्यासाठी खोट्या दाखल्याची गरज नाही.

दुसरी गोष्ट : जळाल्याचे डाग लपवायला इमारतीला पांढरा रंग दिला, म्हणून ती 'व्हाइट हाऊस'. वास्तविक त्या इमारतीच्या दगडी भिंतींना १७९८ मध्येच पांढरा चुना दिला गेला होता आणि लोक युद्धाआधीपासून ते नाव वापरत होते.

७. 'युद्ध संपल्यावर झालेली लढाई'

२४ डिसेंबर १८१४ रोजी आजच्या बेल्जियममधील घेंट शहरात तहावर सह्या झाल्या. ८ जानेवारी १८१५ रोजी न्यू ऑर्लिन्सजवळ मोठी लढाई झाली. ब्रिटिश सेनापती एडवर्ड पॅकेनहॅम मारला गेला. ब्रिटिशांचे मृत, जखमी आणि कैदी मिळून २००० च्या वर माणसे गेली, तर अँड्र्यू जॅक्सन यांच्या सैन्याची हानी शंभरच्या आत होती.

म्हणून ही लढाई युद्ध संपल्यावर झाली असे सांगतात. तहाचा मसुदा मात्र वेगळे सांगतो. दोन्ही बाजूंनी मंजुरी दिल्यावरच लढाई थांबेल, अशी त्यात अट होती. अमेरिकी सिनेटने १६ फेब्रुवारी १८१५ रोजी मंजुरी दिली आणि मंजुरीपत्रांची देवाणघेवाण १७ तारखेला झाली. तोपर्यंत कायद्याने युद्ध चालूच होते. ब्रिटिशांनी मोबाइल बंदराच्या तोंडाशी असलेला फोर्ट बोयर हा किल्ला १२ फेब्रुवारीला जिंकला, तोही याच मुदतीत.

बातम्यांचा क्रमही पाहा. न्यू ऑर्लिन्सच्या विजयाची बातमी वॉशिंग्टनला ४ फेब्रुवारीला पोहोचली, तहाची १४ फेब्रुवारीला. लोकांनी आधी विजय ऐकला, मग तह. साहजिकच अनेकांना वाटले की विजयामुळे तह झाला. पुढे १८२८ च्या निवडणुकीत जॅक्सन राष्ट्राध्यक्ष झाले, त्यामागे या लढाईने मिळालेली कीर्ती होती.

८. कलम २ आणि 'नॉटिलस'

तह करणाऱ्यांना बातमी उशिरा पोहोचते हे चांगलेच ठाऊक होते. म्हणून तहाच्या दुसऱ्या कलमात त्यांनी समुद्राचे भाग पाडले. मंजुरीनंतर किती दिवसांनी पकडलेले जहाज परत करावे लागेल, याच्या मुदती अशा :

अमेरिकेच्या किनाऱ्याजवळचा समुद्र : १२ दिवस
विषुववृत्ताच्या उत्तरेकडील उरलेला अटलांटिक : ३० दिवस
बाल्टिक, उत्तर समुद्र आणि भूमध्य समुद्र : ४० दिवस
विषुववृत्ताच्या दक्षिणेस केप ऑफ गुड होपच्या अक्षांशापर्यंतचा अटलांटिक : ६० दिवस
विषुववृत्ताच्या दक्षिणेकडील जगाचे इतर भाग : ९० दिवस
उरलेले सर्व जग : १२० दिवस

संगणक जाळ्यांच्या विषयात आपण संदेशाच्या उत्तराची किती वेळ वाट पाहायची याची मर्यादा ठरवतो. इथे तीच कल्पना मुत्सद्द्यांनी हाताने लिहून काढली आहे.

एप्रिल १८१५ च्या अखेरीस दक्षिणेकडच्या समुद्रात 'पीकॉक' आणि 'हॉर्नेट' या दोन अमेरिकी जहाजांना एक मोठे ब्रिटिश जहाज दिसले. ते व्यापारी असेल असे समजून ती जवळ गेली. ते होते कॉर्नवॉलिस, तेच, ज्याचे तांबे जावाबरोबर गेले होते. कॉर्नवॉलिसने हॉर्नेटचा इतका पाठलाग केला की वजन कमी करण्यासाठी तिला आपल्या तोफा समुद्रात टाकाव्या लागल्या. ती कशीबशी निसटली. पीकॉक मात्र पुढे हिंदी महासागरात गेली.

३० जून १८१५ रोजी जावा आणि सुमात्रा यांच्यामधील सुंदा सामुद्रधुनीत पीकॉकला 'नॉटिलस' भेटली. नॉटिलस ही ईस्ट इंडिया कंपनीच्या 'बॉम्बे मरीन' या आरमाराची छोटी नौका होती. तिचा प्रमुख लेफ्टनंट चार्ल्स बॉइस याने ओरडून सांगितले की तह झाला आहे. पीकॉकचा कप्तान लुईस वॉरिंग्टन याला ही चाल वाटली. त्याने झेंडा उतरवण्याचा हुकूम केला, बॉइसने नकार दिला आणि तोफा सुटल्या. काही मिनिटांत नॉटिलसवर माणसे मेली. बॉइसचा पाय गेला. अमेरिकनांपैकी कोणालाही इजा झाली नाही. दुसऱ्या दिवशी वॉरिंग्टनने नौका सोडून दिली.

आता कलम २ लावून पाहा. १७ फेब्रुवारीपासून ९० दिवस मोजले तर १८ मे येतो, १२० मोजले तर १७ जून. कोणतीही मुदत धरली तरी ३० जूनच्या आधी ती संपली होती. या युद्धातली ही शेवटची सागरी चकमक. तिच्यात मेलेल्यांमध्ये लास्कर, म्हणजे आपल्याकडचे खलाशी होते. वॉरिंग्टन आणि बॉइस यांची नावे पुस्तकात आहेत, त्या खलाशांचा फक्त आकडा. खलाशांचे अमेरिकेशी भांडण नव्हते, आणि ज्या भांडणासाठी ते मेले ते भांडणही मिटले होते.

९. मग जिंकले कोण?

तहाने सीमा युद्धापूर्वी होत्या तशाच ठेवल्या. खलाशी पळवण्याचा तहात उल्लेखच नाही. नेपोलियनचा पराभव झाल्यामुळे ब्रिटनला ती गरज उरली नव्हती. अमेरिका म्हणते आम्ही टिकलो, कॅनडा म्हणतो आम्ही आक्रमण परतवले. ब्रिटनमध्ये तर बहुतेकांना हे युद्ध आठवतही नाही.

स्पष्टपणे हरले ते मूळ रहिवासी. टेकुमसे ५ ऑक्टोबर १८१३ रोजी लढताना पडला आणि त्याची युती मोडली. ऑगस्ट १८१४ मध्ये क्रीक लोकांवर लादलेल्या करारात त्यांची सुमारे २ कोटी ३० लाख एकर जमीन गेली. घेंटच्या तहाच्या नवव्या कलमात मूळ रहिवाशांचे १८११ मधले हक्क परत देण्याचे वचन होते, ते पाळले गेले नाही. याउलट, सुमारे ४००० गुलाम माणसे पळून ब्रिटिशांकडे गेली आणि मुक्त झाली. त्यांच्यातील काहींना पुढे त्रिनिदादमध्ये जमिनी मिळाल्या, त्यांचे वंशज आजही तिथे 'मेरिकिन' म्हणून ओळखले जातात. एकाच युद्धाचा निकाल विचारायचा तर कोणासाठी, हे आधी विचारावे लागते.

लक्षात ठेवण्याचे मुद्दे

१. घटना कधी घडली आणि ती कोणाला कधी कळली, या दोन वेगळ्या तारखा आहेत. दोन्ही लिहून ठेवा.
२. कराराबद्दल बोलताना सहीची तारीख आणि मंजुरीची तारीख यांत गल्लत करू नका.
३. आपल्या अभिमानाला सुखावणारी गोष्ट दुप्पट तपासा.

स्वाध्याय

१. हल यांना पाठवलेले पत्र वेळेत पोहोचले असते तर १८१२ च्या उन्हाळ्यातील कोणत्या घटना बदलल्या असत्या आणि कोणत्या तशाच राहिल्या असत्या? कारणे द्या.
२. अग्निबाणाची नळी पुठ्ठ्याऐवजी लोखंडाची केल्यास पल्ला का वाढतो, ते आकृती काढून समजावून सांगा.
३. कलम २ मधील मुदती जगाच्या नकाशावर रंगवा. त्यानुसार मुंबईजवळच्या समुद्रासाठी किती दिवसांची मुदत लागू होती?
४. तुमच्या गावाबद्दल किंवा शहराबद्दल सांगितली जाणारी एक प्रसिद्ध ऐतिहासिक गोष्ट निवडा. तिला समकालीन पुरावा आहे का, ते शोधून एक पान लिहा.